उजव्या बाजूला

शहापुरात, दस्तगीरच्या दुकानावरच्या माळ्यावर
आम्ही रविवारी जमायचो, पाच जण.
खाली दुकान मिक्सरचं, पंख्यांचं, मोटर वाइंडिंगचं.
वर कुणी काही विकत नसे.

चार वर्षांत मला एवढं कळलं होतं:
फेलिक्सचे स्पीकर बारा इंची, पेटी सागवानी,
खानापूरकडच्या कुठल्याशा मोडक्या दाराची.
शालन मॅडमचा स्पूल-टेप जर्मन, पट्टा दोनदा बदललेला.
ईराप्पाचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, हातानं जोडलेला,
चालू केला की दोन मिनिटं थांबायचं,
चुलीवर दूध ठेवल्यासारखं, लक्ष देऊन.
फेलिक्सला मुलं किती, विचाराल
तर ठाऊक नव्हतं.

"बेस ज्यास्ती झाला की रे" मराठीत,
"इरली बिडो" कानडीत,
दस्तगीरच्या शिव्या दखनीत, मॅडम यायच्या आधी.
खाली चौकातल्या पाटीला कुणी तरी रातोरात डांबर फासून गेलेलं.
वर आमचं भांडण पन्नास हर्ट्झच्या घुमण्यावर:
अर्थिंग कुणाचं चुकलं?

एक खोड मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलेली.
ईराप्पाचा अँप्लिफायर डावीकडे कलायचा.
गाणारी बाई मधे उभी राहायची सोडून
डाव्या खिडकीत जाऊन बसायची.
आम्ही बॅलन्सची खुंटी मध्यावर आणायचो,
चहा येईस्तोवर ती परत डावीकडे.
व्हॉल्व्ह बदलले. खुंटीखालचा पॉट हुबळीहून मागवला,
वर्गणीत माझे दीडशे.
ईराप्पानंच तो डाग देऊन बसवला, वर फुंकर मारली,
बोलला काही नाही.

मग एका रविवारी लाईट गेली.
रेकॉर्ड लांबत लांबत, म्हशीसारखी हंबरून, थांबली.
अंधारात मी, नेहमीसारखा त्याच्या डाव्या हाताला,
हळूच म्हणालो, माझी बदली झाली, अथणीला.
घरीसुद्धा सांगितलं नव्हतं अजून.
तो गप्प.
मला राग आला, खोटं कशाला बोला.
पलीकडून मॅडम म्हणाल्या,
"ईराप्पा, ते बदलीचं सांगतायत."
तो अख्खा वळला, मानेसकट, छातीसकट.
"ह्या कानात काय पडत नाही हो, सर.
वडगावात बत्तीस वर्षं उभा होतो दोन मागांच्या मधी.
उजवीकडचा माग मालकानं लवकर विकला.
डावीकडचा चालूच राहिला."

शेजारच्या बेकरीचा जनरेटर धडधडू लागला.
बऱ्याच वेळानं फेलिक्स म्हणाला, "तीन."
"काय तीन?"
"मुलं. मधली बोलत नाही माझ्याशी."
कुणी विचारलं नव्हतं.
दस्तगीर म्हणाला, "खरं सांगू?
मला गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.
बंद पडलेलं परत बोलायला लागलं
की बरं वाटतं, तेवढंच."
मॅडमनी अंधारातच कुंद्याचा डबा फिरवला,
आणि पहिल्यांदाच स्वतः घेतला नाही.
का, ते मी विचारलं. साखर, म्हणाल्या, सहा वर्षं झाली.
इतके दिवस खात होत्या त्या, आमच्या संगतीनं.

लाईट आली. रेकॉर्ड आधी फिरू लागली, मुकीच,
व्हॉल्व्ह तापायचे होते.
तेवढ्यात सुईच्या टोकाशी गाणं ऐकू आलं,
डासाएवढं.
ईराप्पानं वाकून उजवा कान तिथं नेला.
आम्ही कुणी हाललो नाही.
मग आवाज भरत आला, डाव्या खिडकीतून,
फेलिक्सचा हात खुंटीकडे गेला
आणि चहाचा कप घेऊन परत आला.

रात्री वडगावच्या वाटेला आम्ही दोघंच.
तो रस्त्याकडे डावा कान करून चालत होता,
ट्रक, बुलेट, लग्नाची वरात, सगळं त्या बाजूला सोडून.
मी मागून वळसा घेतला,
गटाराच्या कडेकडेनं त्याच्या उजवीकडे आलो
आणि म्हणालो, अथणी.

"हां," तो म्हणाला, "खोली बघितलीसा काय?
भिंती कसल्या हायत?
दगडी असल्या तर घुमतंय बघा.
चादरी लावायला मी येतो."